वाचनालयाच्या स्कॅनसाठी घेतलेल्या जुन्या हार्ड डिस्क: तपासणीच्या नोंदी

१२ एप्रिल २०२५, शनिवार

आमच्या पेठेतल्या वाचनालयात जुन्या मासिकांचं आणि दिवाळी अंकांचं स्कॅनिंग चालू आहे. ए-४ आकाराचं रंगीत पान, ३०० डीपीआय, न दाबलेली टिफ फाइल म्हणजे एका पानाला साधारण २६ एमबी. लाखभर पानं झाली की २.६ टीबी. त्यातल्या बऱ्याच अंकांचा कागद असा झालाय की पान उलटताना कडेचा तुकडा हातात येतो. ही पानं दुसऱ्यांदा स्कॅन करता येणार नाहीत, त्यामुळे ज्या डिस्कवर ती ठेवायची ती आधी नीट पारखून घेणं भाग आहे.

नव्या ४ टीबीच्या चार डिस्कना चाळीस हजारांच्या आसपास भाव सांगितला गेला. वाचनालयाला ते झेपणारं नाही. म्हणून एका विक्रेत्याकडून ४ टीबीच्या सहा वापरलेल्या डिस्क घेतल्या, प्रत्येकी ३,२०० रुपये, एकूण १९,२००. लागणार चार. दोन तपासणीत गळतील असं धरूनच सहा घेतल्या. पंधरा दिवसांत खराब निघालेली डिस्क परत घ्यायची आणि पैसे द्यायचे, हे बिलावर लिहून घेतलं. हे लेखी नसेल तर पुढची सगळी तपासणी करूनही उपयोग शून्य.

प्रत्येक डिस्कवर मार्करने अक्षर घातलं: क, ख, ग, घ, च, छ. लेबलचा फोटो काढला. कोपरा चेपलाय का, स्क्रूचे माथे घासलेत का, मागच्या बाजूच्या सर्किटवर डाग आहे का, एवढं पाहून घेतलं. सगळ्या वरवर ठीक.

जोडल्याबरोबर पहिलं काम, दुसरं काहीही करण्याआधी: स्मार्टसीटीएल या प्रोग्रॅमने स्मार्टचा (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचा) पूर्ण अहवाल काढून, सीरियल नंबरच्या नावाने फाइल करून ठेवणं. तपासणीनंतरचे आकडे याच्याशीच ताडायचे आहेत. अहवालातल्या मोजक्याच क्रमांकांच्या ओळी मी पाहतो: ५ (बदललेले सेक्टर, म्हणजे डेटा साठवण्याचे डिस्कवरचे छोटे तुकडे), ९ (चालू तास), १९७ (निकाल न लागलेले सेक्टर), १९८ (दुरुस्त न झालेले), १९९ (केबलवरच्या चुका), आणि १९४ तापमान. सुरुवातीचं चित्र असं:

क: ४१,२०० तास, बाकी सगळं शून्य.
ख: १९,८०० तास, ५ मध्ये ८.
ग: २६,४०० तास, १९७ मध्ये १६.
घ: ११,९०० तास, १९९ मध्ये १,३१२.
च: ३३,६०० तास, बाकी शून्य.
छ: २१२ तास, बाकी शून्य.

सहाही डिस्कच्या अहवालात वरती ‘तब्येत: पास’ असंच लिहिलेलं आहे. १६ सेक्टर अडकलेली ग सुद्धा पास. तो शेरा मी वाचतच नाही. उत्पादकाने ठरवलेली मर्यादा ओलांडेपर्यंत तो बदलत नाही, आणि तोवर डेटा जायचा तो गेलेला असू शकतो.

सीगेट कंपनीच्या डिस्क पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी: १ आणि ७ या ओळींत कोट्यवधींचे आकडे दिसतात, त्यांनी घाबरून जाऊ नये. त्या आकड्यात चुका आणि एकूण कामं एकत्र भरलेली असतात. बाकीच्या ओळी स्वच्छ असतील तर तो आकडा सोडून द्यावा.

१३ एप्रिल, रविवार

मशिन म्हणजे वाचनालयाला देणगीत आलेला डेस्कटॉप, लिनक्स टाकलेला. त्यात डिस्कसाठी चार साटा (डिस्क थेट मदरबोर्डला जोडायच्या) जागा मोकळ्या. क, ख, ग, छ आत लावल्या. घ आणि च यूएसबी डॉकमध्ये, म्हणजे डिस्क खोचून बाहेरून यूएसबीने जोडायच्या खोक्यात. छोटी चाचणी दोनेक मिनिटांची असते, सहाही डिस्क त्यात पास. मग रात्रभरासाठी लांब चाचणी लावली. ती डिस्क स्वतःच्या आत करते, पूर्ण पृष्ठभाग वाचते, आणि ४ टीबीला आठ-साडेआठ तास घेते.

सकाळी निकाल. क, ख, छ पास. ग ४० टक्के बाकी असताना ‘वाचता आलं नाही’ म्हणून थांबली, पहिल्या नापास सेक्टरचा क्रमांकही तिने दिला. डॉकमधल्या दोन्ही डिस्कसमोर ‘होस्टने थांबवली’.

डॉकचा स्वभाव पुन्हा लावल्यावर लक्षात आला. काही वेळ वाहतूक दिसली नाही की तो डिस्कला झोपवतो. लांब चाचणी डिस्कच्या पोटात चालू असते, डॉकला ती दिसतच नाही. दर मिनिटाला काहीतरी वाचत राहणारी छोटी स्क्रिप्ट लावून डिस्क जागी ठेवता येते, पण पुढच्या लेखन-तपासणीत डॉक मध्येच तुटला तर डिस्क वाईट की डॉक वाईट हे कळणार नाही. डॉक बाजूला ठेवला. तपासायची डिस्क थेट साटावरच.

१४ एप्रिल, सोमवार

सुट्टी असल्याने दिवसभर हेच काम.

या वर्षी जानेवारीत युरोपात सीगेटच्या वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं प्रकरण उघडकीला आलं. त्यांच्या स्मार्टमधले तास पुसून शून्यावर आणले होते. पकडल्या गेल्या त्या फार्म नावाच्या वेगळ्या नोंदवहीमुळे. ही नोंदवही सीगेटच्या डिस्क स्वतःच्या आत वेगळी ठेवतात. ती वाचायला स्मार्टमॉनटूल्स (स्मार्टसीटीएल ज्यातून येतो तो संच) ७.४ किंवा पुढची आवृत्ती लागते. माझ्या मशिनवर जुनी होती, नवी टाकण्यात तासभर गेला.

आमच्या लॉटमधल्या च आणि छ सीगेटच्या. च: स्मार्टमध्ये ३३,६००, फार्ममध्येही जवळपास तेवढेच. छ: स्मार्टमध्ये २१२, फार्ममध्ये २९,०००च्या वर. म्हणजे नऊ दिवस चाललेली म्हणून हातात आलेली डिस्क तीन वर्षांहून जास्त चाललेली आहे. विक्रेत्याला मी दोषी धरत नाही, त्यालाही लॉटच आला होता. पण कुणीतरी हे मुद्दाम केलंय.

छ तपासायची तरीही ठरवली, पण दुसऱ्या फेरीत.

घ डॉकमधून काढून छच्या जागी लावली आणि ती फिरेनाच. आवाज नाही, हाताला थरथर नाही, बायोसमध्ये नाव नाही. डॉकमध्ये परत घातली तर लगेच सुरू. अशा वेळी डिस्क मेली म्हणून परत करण्याआधी वीजजोडाची तिसरी पिन आठवावी. साटाच्या ३.३ आवृत्तीपासून त्या पिनवर ३.३ व्होल्ट आले तर डिस्कने बंद राहायचं, अशी सोय आली. सर्व्हरमध्ये दुरून डिस्क बंद-चालू करायला ती वापरतात. साध्या पॉवर सप्लायमधून त्या पिनवर सतत ३.३ व्होल्ट येत असले की डिस्क आज्ञा पाळून गप्प बसते. कॅप्टॉन टेपची (वीज न वाहू देणाऱ्या चिकटपट्टीची) चिंधी त्या पिनवर लावून काम होतं. मी मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या वीजजोडावरून) साटा देणारी वायर लावली, कारण मोलेक्समध्ये ३.३ ची तारच नसते. १२० रुपये. घेताना अखंड प्लॅस्टिकमध्ये ओतलेलं टोक असलेली वायर घेऊ नये, तिच्यात आतल्या आत तारा एकमेकींना लागून जळाल्याची उदाहरणं आहेत. ज्यात तारा वेगवेगळ्या खोचलेल्या दिसतात ती घ्यावी.

रात्री दहाला खरी तपासणी सुरू केली: बॅडब्लॉक्स, लिहून वाचण्याच्या प्रकारात. हा प्रोग्रॅम पूर्ण डिस्कवर एक नमुना लिहितो, मग पूर्ण डिस्क वाचून तोच नमुना आला का पाहतो. चार नमुने: एए, ५५, एफएफ, ००. म्हणजे चारदा लिहिणं, चारदा वाचणं. ४ टीबीची एक फेरी सव्वाआठ तासांच्या आसपास, आठ फेऱ्यांना पावणेतीन दिवस.

सुरू करण्याआधीच्या दोन गोष्टी. डिस्कवर जे काही आहे ते सगळं जातं, म्हणून डिस्कचं नाव एसडीबी, एसडीसी असं देऊ नये. लिनक्सने दिलेली ती अक्षरं मशिन पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात. सीरियल नंबर असलेला बाय-आयडीचा पत्ता द्यावा आणि तो लेबलच्या फोटोशी मोठ्याने वाचून जुळवावा. दुसरं, ब्लॉकचा आकार ४०९६ द्यावा. प्रोग्रॅमची ब्लॉक मोजणी ३२ बिटांची आहे, त्यामुळे मूळच्या १०२४ च्या आकारावर मोठ्या डिस्क तो नाकारतो. १८ टीबीच्या डिस्कला तर ४०९६ ही पुरत नाही, ८१९२ लागतो.

दोन डिस्कवर आधीच्या मालकांचे भाग तसेच दिसत होते, एकावर घराण्याच्या नावाचं लेबल. उघडून पाहिलं नाही. कुणाचे तरी लग्नाचे फोटो, पगाराचे कागद असतील. चार वेळा वरून लिहिलं गेल्यावर ते कुणाच्याच हाती लागणार नाहीत, हेही या तपासणीचं एक काम आहे. जुनी डिस्क विकणाऱ्या प्रत्येकाने ते विकण्याआधी करायला हवं.

१५ एप्रिल, मंगळवार

सकाळी सहाला पाहिलं तर मधल्या डिस्कचं तापमान ५४ अंश. डिस्क एकावर एक, मध्ये बोटभरही फट नाही, खोलीत आधीच ३४-३५. दुपारी खोली ३८ ला जाते, म्हणजे डिस्क साठ अंशांकडे जाणार आणि बहुतेक उत्पादकांची मर्यादा तिथेच असते. चारही थांबवल्या. रात्रभराचं काम गेलं.

तापकीर गल्लीतून १२० मिमीचा पंखा आणला, ३५० रुपये. कॅबिनेटच्या तोंडाशी झिप-टायने बांधला, डिस्क एकाआड एक कप्प्यात बसवल्या. वर-खाली हवा खेळू लागल्यावर तापमान ४३ ते ४५ वर स्थिरावलं. नव्याने सुरुवात केली. तापलेल्या डिस्कवर घेतलेली चाचणी मी मोजत नाही, कारण तिच्यात आलेली चूक डिस्कची की उकाड्याची हे सांगता येत नाही.

सुरू केल्यावर मशिन झोपणार नाही अशी सेटिंग केली आणि चारही कामं टीमक्समध्ये चालवली, म्हणजे खिडकी बंद झाली तरी काम चालू राहतं.

१६ एप्रिल, बुधवार

ग बोलू लागली. पहिल्या लेखनाच्या फेरीत १९७ चा आकडा १६ वरून शून्यावर आला होता, आणि ५ वाढला नव्हता. हे शक्य असतं. लिहिता लिहिता वीज गेली की सेक्टर अर्धवट राहतो, वाचता येत नाही, आणि नव्याने लिहिला की धडधाकट निघतो. अशा डिस्कचा पृष्ठभाग चांगलाच असतो. म्हणूनच लांब चाचणीत नापास झाली तरी ग लगेच परत केली नव्हती.

पहिला नमुना वाचताना मात्र खरं काय ते दिसलं. इतर तीन डिस्कचा आवाज एकसुरी चालू होता. गमधून मात्र ‘टक’, मग शांतता, पुन्हा ‘टक’. स्क्रीनवरचा टक्का जागच्या जागी. डिस्क एकच सेक्टर परत परत वाचायचा प्रयत्न करत होती. मग नापास ब्लॉकचे क्रमांक एकाखाली एक पडू लागले, सगळे एकमेकांच्या जवळचे. १९७ पुन्हा ४८, ५ आता ११२. आपण समोर बसून पाहताना आकडा वाढतोय म्हणजे विषय संपला. काम थांबवलं, अहवाल आणि क्रमांकांची यादी जपून ठेवली, डिस्क परतीच्या खोक्यात.

कचं वेगळंच. सगळ्यांत वेगवान असायला हवी ती सगळ्यांच्या मागे. १९९ मध्ये शून्याचे २७ झालेले. लिनक्सच्या गाभ्याच्या (कर्नलच्या) नोंदीत दिसलं की साटाचा वेग ६ गिगाबिटवरून ३ वर आणि मग दीडवर उतरवलाय. ही चूक डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेवरची असते, तबकडीवरची नव्हे. केबल लाल, नवीकोरी, पण क्लिप नसलेली, थोडं हलवलं तरी ढिली होणारी. चूक झाली की तेच परत पाठवलं जातं, त्यामुळे तपासणी खोटी ठरत नाही, फक्त रखडते. उद्या मशिन बंद होणारच आहे, तेव्हा बदलेन.

१७ एप्रिल, गुरुवार

पुण्यात राहणाऱ्यांनी हे वेळापत्रक ठरवतानाच धरावं: गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते. यूपीएस वीसेक मिनिटं टिकला, तेवढ्यात मशिन रीतसर बंद केलं. ख आणि घ तिसऱ्या नमुन्याच्या वाचनात, जवळपास शेवटाला होत्या.

बॅडब्लॉक्स थांबलेलं काम आपणहून पुढे नेत नाही. पण कुठले नमुने चालवायचे ते सांगता येतं, म्हणून पहिले दोन वगळले. संध्याकाळी वीज आल्यावर ख आणि घवर एफएफ आणि ०० एवढेच लावले. क मागे पडली होती, तिला ५५ पासून. सोय असेल त्याने सरळ गुरुवारी संध्याकाळी काम सुरू करावं, रविवारी दुपारपर्यंत सगळं उरकतं.

केबल बदलल्या, चारही क्लिपवाल्या, ९० प्रमाणे ३६० रुपये. कचा १९९ बंद होताना ४१ वर पोचला होता. हा आकडा आता कधीच खाली येणार नाही, डिस्क तो जन्मभर बाळगते. पाहायचं ते एवढंच की पुढे सरकतो का.

घच्या १,३१२ चंही तेच असणार असा अंदाज आहे. आधीच्या मशिनमधली केबल वाईट असेल तर इथे आकडा हलणार नाही.

१९ एप्रिल, शनिवार

ख आणि घ पहाटे संपल्या, क संध्याकाळी. तिन्हींवर वाचन, लेखन, जुळणी यांत शून्य चुका. त्यानंतर तिन्हींना पुन्हा लांब चाचणी, आणि मग पहिल्या दिवशीच्या फाइलशी ओळीला ओळ लावून ताळा.

क: ५, १९७, १९८ शून्य. १९९ ४१ वरच थांबलेला.
ख: ५ मध्ये आधी ८, आताही ८.
घ: १९९ मध्ये १,३१२, जागचा हललेला नाही.

खचे ८ म्हणजे बहुधा एकच जागा. या डिस्कचा खरा सेक्टर ४०९६ बाइटचा असतो आणि बाहेरून तो ५१२ च्या आठ तुकड्यांत मोजला जातो. कधीतरी एक सेक्टर गेला, त्याच्या बदल्यात राखीव जागा आली, आणि पूर्ण पृष्ठभाग चारदा घासूनही तिथेच थांबलं. मी अशी डिस्क ठेवतो, पण पहिल्या कामाला लावत नाही. ती राखीव राहील.

वापरलेल्या डिस्कच्या चौकशीत सगळे तास विचारतात. मला तासांपेक्षा हा ताळा जास्त महत्त्वाचा वाटतो. क ४१,२०० तास चालली आहे, पण सर्व्हरमध्ये एकसारखी, थंड जागेत; एवढ्या वर्षांत बंद-चालू झाली मोजून ३८ वेळा. तिचे आकडे एवढ्या छळानंतर जागचे हलले नाहीत. ग तिच्याहून कितीतरी तरुण.

रात्री च आणि छ लावल्या.

२० एप्रिल, रविवार

वाट पाहताना मॉडेल नंबरांची शहानिशा केली. काही डिस्क एसएमआर पद्धतीच्या असतात: पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या, त्यामुळे एक पट्टी बदलायची तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. २०२० मध्ये डब्ल्यूडी (वेस्टर्न डिजिटल) कंपनीच्या लाल मालिकेतल्या काही डिस्क अशा निघाल्या आणि मोठा गदारोळ झाला. दिसायला ४० ईएफआरएक्स आणि ४० ईएफएएक्स जवळपास सारख्या, पण पहिली साधी, दुसरी एसएमआर. बॅडब्लॉक्समध्ये हे उघडं पडत नाही, कारण तो सरळ रांगेने लिहीत जातो आणि तसं लिहिणं या डिस्कना सोपं जातं. आरशासारखी जोडी (दोन्ही डिस्कवर तोच डेटा) करून एक डिस्क बदलायची वेळ आली की मग त्या दिवसचे दिवस घेतात. नंबर कंपनीच्या यादीत पाहणं हाच खात्रीचा मार्ग. आमच्या उरलेल्या सगळ्या साध्या आहेत.

२२ एप्रिल, मंगळवार

च: शून्य चुका, आकडे जागच्या जागी. फार्ममध्येही नवं काही नाही.

छ: तिच्यावरही शून्य चुका.

तरी परत करतोय. विक्रेत्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, “सर, चालतीये ना चांगली? मग काय प्रॉब्लेम?” मी म्हटलं, “दादा, चालतीये. पण जिची नोंदवही कुणीतरी पुसलीये तिचे बाकीचे शून्य तरी खरे कशावरून?” तास पुसणाऱ्याने ५ आणि १९७ ही पुसलेले असू शकतात. माझा सगळा ताळा आधीच्या आकड्यावर उभा आहे. तो आकडाच बनावट असेल तर डिस्क आज पास झाली एवढंच कळतं, तिच्यात आधी काय होऊन गेलंय ते कळत नाही. घरच्या सिनेमांसाठी कुणी घेतली तर घेवो, वाचनालयासाठी नको.

त्याने कुरकुर केली नाही. फार्मचा अहवाल दाखवल्यावर त्याने त्याच लॉटच्या बाकीच्या डिस्क कशा तपासायच्या ते विचारलं. आज्ञा लिहून दिली. ग आणि छचे ६,४०० रुपये परत.

२३ एप्रिल, बुधवार

जोडी घ आणि च यांची केली. मुद्दाम वेगवेगळ्या कंपनीच्या आणि वेगवेगळ्या वयाच्या. एकाच लॉटच्या, एकसारख्या वापरलेल्या दोन डिस्क एकमेकींच्या मागोमाग जाण्याची भीती असते. झेडएफएस या फाइल-व्यवस्थेवर आरसा केला, कारण ती प्रत्येक ब्लॉकची पडताळणीची बेरीज ठेवते आणि एका डिस्कवरचं वाईट वाचन दुसरीवरून दुरुस्त करते. क वर दुसरी प्रत, ती तळेगावला, वाचनालयाच्या एका सभासदांच्या घरी जाणार. ख कपाटात.

स्कॅन उतरवायला सात तास लागले. आधी मूळ फाइलींच्या शा-२५६ बेरजा (फाइल जराही बदलली की बदलणारे आकडे) काढल्या होत्या, उतरवल्यावर दोन्ही ठिकाणी, आरशावर आणि क वर, तपासल्या. सगळ्या जुळल्या.

२६ एप्रिल, शनिवार

खर्चाचा हिशोब वाचनालयाच्या वहीत लिहिला: चार डिस्क १२,८००, पंखा ३५०, केबल ३६०, मोलेक्सची वायर १२०. एकूण १३,६३०. वीज पंधरा युनिटांच्या आसपास.

स्मार्टडीला (स्मार्टवर सतत लक्ष ठेवणाऱ्या प्रोग्रॅमला) सांगून ठेवलंय: दर शनिवारी रात्री छोटी चाचणी, महिन्याच्या पहिल्या रविवारी लांब, आणि ५, १९७, १९८ यांतला कुठलाही आकडा एकाने जरी वाढला तरी ईमेल. ईमेल खरंच येते का ते त्याच्या चाचणी-पर्यायाने पाहिलं, पहिल्यांदा आली नव्हती, पाठवण्याचा पासवर्ड चुकला होता.

प्रत्येक डिस्कवर कागदी पट्टी चिकटवली: अक्षर, तपासणी संपल्याची तारीख, तेव्हाचे तास, ५ आणि १९९ चे आकडे. घवर ‘१९९ = १,३१२, जुना’ असं मोठ्या अक्षरात, म्हणजे उद्या दुसरा कुणी पाहील तर तिला काढून टाकणार नाही. क फोमच्या खोक्यात बांधून तळेगावला गेली. ऑक्टोबरमध्ये ती परत आणून बेरजा पुन्हा जुळवायच्या आणि तोवरचे नवे अंक तिच्यावर चढवायचे.